आपलेपणाला किती तास लागतात?

ज्ञानेश्वर माउलींची पालखी संध्याकाळी तळावर पोचली की समाजआरती होते. दिंड्या गोल धरून उभ्या राहतात, टाळ-मृदंगाचा गजर चाललेला असतो. चोपदार हातातला चोप वर करतो आणि सगळे टाळ एकदम थांबतात. कधी कधी एका दिंडीचे टाळ मात्र वाजतच राहतात. त्या दिंडीची काही तक्रार आहे, असा त्याचा अर्थ. चोपदार तिकडे जाऊन काय झालं ते विचारतो. पाणी मिळालं नसेल, चालण्याच्या क्रमात कुणी मध्ये घुसलं असेल, जे असेल ते तिथेच ऐकून घेतलं जातं. मग हरवलेल्या-सापडलेल्या वस्तू पुकारल्या जातात, दुसऱ्या दिवशी किती वाजता निघायचं ते सांगितलं जातं आणि आरती होते.

आपलेपणा म्हटलं की ओलावा, माया, डोळ्यांत येणारं पाणी असं काहीतरी मनात येतं. पण लाखो अनोळखी माणसं अडीचशे किलोमीटर एकत्र चालतात आणि एकमेकांना 'माउली' म्हणतात, त्यामागे बरीच कोरडी व्यवस्था असते. प्रत्येक दिंडीला क्रमांक असतो, भिशी (जेवण-मुक्कामाची वर्गणी) भरलेली असते, वीणा कुणाकडे आणि पताका कुणाकडे हे ठरलेलं असतं, आणि तक्रार करायची रीतही ठरलेली असते. या लेखाचा विषय हा कोरडा भागच आहे. मायेबद्दल पुष्कळांनी लिहिलं आहे. माया कशावर उभी राहते हे सांगणारे कमी.

ही भूक आहे, लाड नव्हे

'सगळं आहे तरी रितं वाटतं' असं कुणी म्हटलं की आपल्याकडे दोन उत्तरं ठरलेली असतात. एक, 'रिकाम्या डोक्याचे चोचले'. दुसरं, 'देवाचं कर काहीतरी'. मानसशास्त्रज्ञ याकडे तहान-भुकेसारखी गरज म्हणून बघतात. रॉय बाउमाइस्टर आणि मार्क लिअरी या अमेरिकी संशोधकांनी 1995 मध्ये ही गरज दोन अटींत मांडली. पहिली अट, मोजक्या माणसांशी वारंवार आणि बऱ्या वातावरणातल्या भेटी. दुसरी, त्या भेटींमागे टिकणारं नातं, म्हणजे ही माणसं पुढेही असणार आहेत आणि त्यांना आपलं काही वाटतं ही खात्री. दोन्ही लागतात. गावी आई आहे, तिचा जीव तुटतो, पण भेट वर्षातून दोनदा, म्हणजे दुसरी अट पुरी आणि पहिली अपुरी. ऑफिसात रोज चाळीस जण भेटतात, पण नोकरी सुटली की फोन बंद, म्हणजे पहिली पुरी आणि दुसरी नाही. शहरातल्या पुष्कळ माणसांकडे दोन्ही अर्धी अर्धी असतात, वेगवेगळ्या माणसांत वाटलेली. म्हणून हिशेबाला सगळं असतं आणि पोट मात्र भरत नाही.

'अर्थ' हा शब्द आणखी निसटता. अभ्यासक आता त्याचे तीन भाग करतात आणि ती फोड कामाची आहे. आपल्या आयुष्यात जे चाललंय ते कळतंय का, हा उलगडा. पुढे कुठे जायचंय ते ठरलंय का, ही दिशा. आणि आपण असल्या-नसल्याने कुणाला फरक पडतो का, हे मोल. जीवनाचा अर्थ काय, असा मोठा प्रश्न घेऊन माणूस बसतो तेव्हा बहुतेक वेळा तिसरा भाग दुखत असतो. ग्रंथ वाचून उलगडा होईल, करिअरच्या सल्लागाराकडून दिशा मिळेल, पण मोल एकट्याने बसून मिळत नाही. ते दुसऱ्या माणसाकडूनच यावं लागतं.

याचा एक साधा प्रयोग आहे. किपलिंग विल्यम्स या मानसशास्त्रज्ञाने संगणकावर चेंडू फेकण्याचा एक खेळ तयार केला. पडद्यावर तिघे खेळाडू, त्यातले एक तुम्ही. पहिले काही चेंडू तुमच्याकडे येतात, मग उरलेले दोघे आपसातच खेळत राहतात. खेळ काही मिनिटांचा, बक्षीस नाही, समोरची माणसं पुन्हा भेटणार नाहीत. तरीही खेळ संपल्यावर विचारलं तर माणसांच्या चार गोष्टी घसरलेल्या दिसतात: आपलेपणाची जाणीव, स्वतःबद्दलचा आदर, परिस्थिती आपल्या हातात असल्याची भावना आणि आपल्या असण्याला अर्थ आहे ही भावना. पुढे 2004 च्या एका प्रयोगात काही जणांना आधीच सांगितलं होतं की समोर माणसं नाहीत, संगणक आहे. तरी फटका बसलाच. व्हॉट्सअ‍ॅपवर आपल्या प्रश्नाला निळी खूण येते आणि उत्तर येत नाही, तेव्हा आपण 'छे, एवढं काय' म्हणतो खरं. ते एवढं असतं.

एकटं असणं आणि एकटं वाटणं यांत गल्लत होते. पहिलं मोजता येतं: घरात किती माणसं, दिवसात किती भेटी. दुसरं आपल्याला हव्या असलेल्या आणि मिळणाऱ्या नात्यांमधलं अंतर असतं. भरल्या घरातल्या सुनेला ते वाटू शकतं आणि डोंगरातल्या एकट्या वनरक्षकाला नाही वाटणार. स्वतःपुरती चाचणी करायची तर संशोधनात वापरली जाणारी तीन प्रश्नांची छोटी मोजपट्टी आहे. सोबतीची उणीव कितीदा वाटते? आपल्याला वगळलं गेलंय असं कितीदा वाटतं? इतरांपासून तुटल्यासारखं कितीदा वाटतं? 'क्वचित'ला 1, 'कधी कधी'ला 2, 'बऱ्याचदा'ला 3 गुण. बेरीज 3 ते 9 येते. 6 किंवा त्याहून जास्त आली तर अभ्यासक साधारणपणे त्याला एकटेपणा म्हणतात. आज आणि तीन महिन्यांनी, दोनदा करून बघावी. एका दिवसाचा आकडा मूडवर जातो.

हा विषय आता आरोग्य खात्यांच्या टेबलावर आहे. ब्रिटनने 2018 मध्ये आणि जपानने 2021 मध्ये त्यासाठी मंत्री नेमला. जागतिक आरोग्य संघटनेच्या 2025 च्या अहवालानुसार जगात दर सहा माणसांतला एक एकटेपणाने ग्रासलेला आहे.

जिना, नळ आणि गावकीची खोली

दुसऱ्या महायुद्धानंतर अमेरिकेतल्या एमआयटी विद्यापीठाने विवाहित विद्यार्थ्यांसाठी दुमजली इमारती बांधल्या, एकेका इमारतीत दहा घरं. कुणी कुठे राहायचं हे विद्यार्थ्यांनी निवडलेलं नव्हतं. लिऑन फेस्टिंगर आणि सहकाऱ्यांनी तिथे कुणाची मैत्री कुणाशी होते याची नोंद केली आणि 1950 मध्ये ती छापली. एकाच मजल्यावर अगदी शेजारच्या दाराशी मैत्री होण्याचं प्रमाण 41 टक्के, एक दार सोडून पुढच्याशी 22 टक्के, आणि मजल्याच्या दोन टोकांना राहणाऱ्यांत 10 टक्के. ही टोकं काही फार लांब नव्हती, चालत अर्धा मिनीट. जिन्याच्या पायथ्याशी राहणाऱ्यांचे वरच्या मजल्यावर जास्त मित्र निघाले, कारण वरचे लोक त्यांच्या दारावरून जात-येत होते. स्वभाव, आवडीनिवडी वगैरे नंतर. आधी येण्या-जाण्याची वाट.

गिरगाव-लालबागच्या चाळीत हे कुणी अभ्यास न करताच घडत होतं. सामाईक गॅलरी, सामाईक नळ, सामाईक संडास. दिवसातून दहा वेळा तीच माणसं समोर. यातल्या बऱ्याच भेटी त्रासाच्याच होत्या आणि चाळीच्या आठवणींनी गहिवरणारे हे सोयीने विसरतात. नळावर भांडण झालं की तिसऱ्या दिवशी त्याच नळावर पुन्हा उभं राहावं लागे, म्हणून भांडण मिटवावंही लागे. आजच्या टॉवरमध्ये दारातून लिफ्ट, लिफ्टमधून पार्किंग, पार्किंगमधून गाडी. भांडणाचा प्रसंग येत नाही, म्हणून समेटाचाही येत नाही.

त्याहून बारकाईने बघण्यासारखी गोष्ट म्हणजे गिरणगावातल्या गावकीच्या खोल्या. कोकणातल्या किंवा घाटावरच्या एका गावच्या माणसांनी मिळून एक खोली भाड्याने धरायची. पाळी बदलेल तशी झोपणारी माणसं बदलायची, वळकटी आणि ट्रंक प्रत्येकाची. जेवण खानावळीत, बहुधा गावच्याच एखाद्या बाईकडे. नव्याने आलेल्या पोराला कुठल्या खात्यात कुणाला भेटायचं ते खोलीतूनच कळे. खोलीत दर महिन्याला वर्गणी, गणपतीला गावी जायचा हिशेब, भजनाची जागा ठरलेली. एखादा दोन रात्री आला नाही तर शोध सुरू होई. माणसाची झोपायची जागा रिकामी दिसे, हे कारण साधंच आहे. 18 जानेवारी 1982 ला गिरणी संप सुरू झाला, सुमारे अडीच लाख कामगार त्यात होते. गिरण्या पुढे एकेक करून बंद पडल्या. तेव्हा पगार बुडाला त्याबद्दल भरपूर लिहिलं गेलं. पाळीच्या भोंग्याबरोबर खानावळ, व्यायामशाळा, भजनी मंडळ यांचंही वेळापत्रक मोडलं. वेळापत्रक मोडलं की माणसं एका जागी येत नाहीत, आणि एका जागी येत नाहीत तर नसलेली कळत नाहीत.

इथे एक गोष्ट स्पष्ट सांगायला हवी. जुना आपलेपणा जन्माने मिळत होता आणि जन्मानेच नाकारला जात होता. गावकीत माणूस आपोआप 'आपला' होई, आणि वेशीबाहेरचा आपोआप परका. ज्या पंढरपूरच्या वारीची आपण वर वाखाणणी केली, त्या पंढरपुरातल्या विठ्ठल मंदिराची दारं हरिजनांना खुली व्हावीत म्हणून साने गुरुजींना मे 1947 मध्ये प्राणांतिक उपोषण करावं लागलं. डॉ. आंबेडकरांनी 1931 मध्ये मुंबईत मणिभवनात गांधींना सांगितलं होतं की मला मायभूमी नाही. 'पूर्वी किती आपुलकी होती' असं म्हणताना ही बाजूही हिशेबात धरावी लागते. शहराने आपल्याला एकटं केलं हे खरं, आणि शहरानेच पुष्कळांना त्या 'आपुलकी'तून सोडवलं हेही खरं. त्यामुळे जुनं परत आणा, हा सल्ला निम्म्या लोकांना लागूच पडत नाही. उचलायची असेल तर त्यातली यंत्रणा उचलावी: ठरलेली जागा, ठरलेली वेळ, नावावर काम. जन्माची अट गाळावी.

तासांचा हिशेब

अमेरिकेतल्या कॅन्सस विद्यापीठातले जेफ्री हॉल यांनी 2018 मध्ये एक मोजणी प्रसिद्ध केली. नव्या गावी राहायला आलेली माणसं आणि नव्याने कॉलेजात आलेले विद्यार्थी यांची ओळख मैत्रीत बदलायला किती तास लागले, हा प्रश्न होता. साध्या मैत्रीपर्यंत यायला साधारण 50 तास, खऱ्या मैत्रीला 90 च्या आसपास आणि जिवलग म्हणावं अशा मैत्रीला 200 हून जास्त. नुसतं कामावर शेजारी बसून घालवलेले तास फारसे उपयोगी पडत नाहीत, हेही त्यात दिसलं. आकडे अमेरिकेचे आहेत, आपल्याकडे थोडे इकडेतिकडे होतील. पण प्रमाण लक्षात घेण्यासारखं आहे.

आता हिशेब करा. महिन्यातून एकदा दोन तास भेटणारा गट वर्षाला 24 तासांवर पोचतो, म्हणजे साध्या मैत्रीला दोन वर्षं. आठवड्यातून एकदा दोन तास भेटणारा गट सहा महिन्यांत 50 तास गाठतो. एखाद्या गटात माणूस तीनदा जातो, 'तिथे आपलं कुणी नाही' म्हणून सोडतो, तेव्हा त्याचे झालेले असतात सहा तास. पन्नासातले सहा. भाजी चिरून झाली आणि गॅस न पेटवताच चव बघितली, तसलं हे.

वारीतली जवळीक लवकर का होते, तेही यातून कळतं. आळंदी ते पंढरपूर तीन आठवड्यांच्या आत-बाहेरचा प्रवास, दिवसभर बरोबर चालणं, बरोबर जेवण, एका राहुटीत झोप. दिवसाचे दहा तास धरले तरी दहाव्या दिवशी शंभर होतात.

गट बांधायचा तर

'चला, सगळे जमूया, गप्पा मारूया' या पायावर गट टिकत नाही. दोनदा जमतो, तिसऱ्यांदा पाऊस पडतो. एकत्र येण्याला स्वतःहून वेगळं असं एक काम लागतं, आणि काम असं हवं की कुणी आलं नाही तर ते अडेल. इथेच बहुतेक सोसायट्यांची सांस्कृतिक समिती चुकते. ती कार्यक्रम ठेवते आणि कार्यक्रमाला माणूस प्रेक्षक म्हणून येतो. प्रेक्षकांतली एक खुर्ची रिकामी असली तर कुणाला कळत नाही.

एक उदाहरण घेऊ, दिसायला अगदी अ-आध्यात्मिक: तीस घरांच्या सोसायटीतलं ओल्या कचऱ्याचं खत. घरटी रोज अर्धा किलो ओला कचरा धरला तर दिवसाला 15 किलो. त्यात आकारमानाने साधारण तेवढाच सुका पालापाचोळा किंवा भुसा मिसळावा लागतो. आठवड्यातून एकदा-दोनदा ढीग खालीवर करावा लागतो, पिळलेल्या फडक्याइतका ओलावा ठेवावा लागतो. नीट केलं तर दीड-दोन महिन्यांत खत होतं. पाला कमी पडला किंवा पाणी जास्त झालं की वास सुटतो, माशा होतात. ज्याची पाळी होती तो आला नाही, हे दुसऱ्या दिवशी नाकाला कळतं. हसू येईल, पण आपलेपणाच्या दृष्टीने ही फार मोलाची सोय आहे. भजनी मंडळात पखवाजवाला आला नाही तर तेच होतं, फक्त नाकाऐवजी कानाला. एकच कपाटभर पुस्तकांचं वाचनालय, शनिवारी मुलांना कॅरम-बुद्धिबळ, एकट्या राहणाऱ्या आजी-आजोबांना दवाखान्यात सोबत, ढोल-ताशा पथकाचा सराव, यातलं काहीही चालतं. कसोटी एकच, माझी जागा रिकामी राहिली तर दिसते का?

माणसं आठ ते बारा असावीत. सहापेक्षा कमी झाली की दोघे गावी गेले तरी बैठक मोडते. पंधराच्या वर गेली की कोपऱ्यात दोन गट बोलू लागतात आणि गैरहजेरी लपते. जास्त लोक आले तर आनंदाने दोन गट करावेत. दिंडीतही हेच दिसतं: पालखीबरोबर लाखो, पण माणसाचा पत्ता म्हणजे 'रथापुढे' किंवा 'रथामागे' आणि दिंडीचा क्रमांक. रथापुढे 27 दिंड्या, मागे त्याहून कितीतरी जास्त. हरवलेला वारकरी लाखांत सापडत नाही, क्रमांकाच्या दिंडीत सापडतो. ही शिस्त लावण्याचं श्रेय हैबतबाबा आरफळकरांना दिलं जातं. एकोणिसाव्या शतकाच्या पहिल्या अर्धातले हे गृहस्थ शिंद्यांच्या सैन्यात होते, आणि पालखी सोहळ्यातल्या घोडे, तंबू, क्रम, चोपदार या सगळ्यावर त्या लष्करी सवयीची छाप दिसते. भक्ती होतीच. त्यांनी तिला रांग लावली.

वार आणि वेळ बदलू नये. 'या आठवड्यात कधी जमेल सगळ्यांना?' हा प्रश्न गटावर ज्या दिवशी पडतो त्या दिवसापासून गट मरायला लागतो. बुधवारी रात्री साडेआठ म्हणजे बुधवारी रात्री साडेआठ, चार जण असले तरी. जागा शक्यतो कुणाचं घर नसावी. घरी जमलं की यजमानीण चहा-पोह्यांत अडकते, आणि दोन महिन्यांनी तिला ते ओझं होतं पण बोलता येत नाही. वाहनतळाचा कोपरा, गच्ची, देवळाचा मंडप, शाळेचा वर्ग चालेल. चहा थर्मासमधून, डोक्याला वीस रुपये, आणि हिशेब वहीत लिहिलेला.

नवा माणूस आला की तिसऱ्या खेपेपर्यंत त्याच्या नावावर काहीतरी द्यावं. किल्ली, चहाची पाळी, हजेरीची वही, काहीही. 'तुम्ही पाहुणे, बसा' हा आपला जुना संस्कार इथे घात करतो, कारण पाहुणा म्हणून बसवलेला माणूस पाहुणाच राहतो. दिंडीत नवख्याच्या हाती टाळ दिले जातात, ताल चुकला तरी. शेजारच्याकडे बघून तो दोन दिवसांत पायही जुळवतो.

सलग दोन वेळा कुणी आलं नाही तर तिसऱ्या दिवशी फोन करायचा. मेसेज नाही, फोन. हे काम एकाच्या नावावर असावं आणि दर तीन महिन्यांनी बदलावं. फोनवर 'का आला नाहीत?' असं विचारलं तर हजेरी घेतल्यासारखं होतं. 'बुधवारी तुमची आठवण निघाली, बरं आहे ना?' एवढं पुरतं. वर सांगितलेलं 'मोल' या दोन मिनिटांच्या फोनवर इतकं अवलंबून असतं की बाकी सगळं विसरलं तरी हा नियम ठेवावा.

बिघडतं कुठे

सगळ्यात जास्त गट एका उत्साही माणसामुळे मरतात. तो सगळं करतो, छान करतो, बाकीचे कौतुक करतात, आणि कुणाचीच गरज उरत नाही. दीड वर्षाने तो दमतो किंवा त्याची बदली होते. किल्ली पहिल्या दिवसापासून दोघांकडे असावी, हिशेब तिसऱ्याकडे.

दुसरा बिघाड व्हॉट्सअ‍ॅपचा. सुरुवातीला सूचना, मग शुभ सकाळ, मग राजकारण, मग दोघांचं भांडण आणि तिघांचं मुकाट्याने बाहेर पडणं. गटात फक्त वेळ, पाळी आणि निरोप. बाकी बोलणं बुधवारी, तोंडासमोर. समोरासमोर माणूस निम्म्या गोष्टी बोलतच नाही, आणि ते बरंच असतं.

खाण्यावरून, भाषेवरून, आडनावावरून होणारी गाळणी जास्त चिवट असते, कारण ती कुणी बोलून दाखवत नाही. 'आपल्यातलेच सगळे' असं गटाचं वर्णन कानावर आलं तर समजावं की कुणालातरी दार बंद आहे. उपाय म्हणून बंधुभावावर भाषण ठेवू नये. पाळ्या चिठ्ठ्या टाकून लावाव्यात, जोड्या दर महिन्याला बदलाव्यात. समान दर्जा, एकच उद्दिष्ट, मिळून केलेलं काम आणि वरच्यांचा पाठिंबा, या अटींवर पूर्वग्रह कमी होतात असं गॉर्डन ऑलपोर्ट या मानसशास्त्रज्ञाने 1954 मध्येच मांडलं होतं आणि नंतरच्या पुष्कळ अभ्यासांनी ते बहुतांशी उचलून धरलं.

तक्रारीला जागा नसणं हाही बिघाडच. बैठकीची शेवटची पाच मिनिटं त्यासाठी ठेवावीत, कुणाची तक्रार नसली तरी. टाळ वाजवत राहण्याची सोय हवी. नाहीतर तक्रार जिन्यात होते.

आणि पैसा. भिशी लावायची असेल तर छोटी: बारा जण, महिना हजार रुपये, प्रत्येकाला वर्षातून एकदा बारा हजार. ज्याला पहिल्या-दुसऱ्या महिन्यात रक्कम मिळते त्याने पुढचे हप्ते टाळले की पैशांआधी गट बुडतो. म्हणून नव्या माणसाचा नंबर शेवटच्या तीनात ठेवायची बायकांच्या भिशीतली जुनी रीत शहाणपणाची आहे.

आतला अडथळा

'बाहेर पड, लोकांत मिसळ' हा सल्ला ज्याला सगळ्यात जास्त लागू, त्यालाच जमत नाही. याचं कारण अमेरिकी मानसशास्त्रज्ञ जॉन कॅसिओपो यांच्या संशोधनात सापडतं. बराच काळ एकटं वाटत राहिलं की मेंदू सावध होतो, धोके शोधू लागतो. समोरच्याने घड्याळ बघितलं तर 'मी कंटाळवाणा आहे' असा अर्थ निघतो. मग माणूस आखडतो, समोरचाही आखडतो, आणि संशय खरा ठरतो. एकटेपणावरच्या उपायांचा 2011 मध्ये एकत्रित आढावा घेतला गेला, त्यात नुसत्या भेटी वाढवण्यापेक्षा हे उलटे अर्थ लावणं दुरुस्त करणारे उपाय अधिक परिणामकारक दिसले.

करायचं काय? भेटीनंतर मनात जो निष्कर्ष आला तो एका ओळीत लिहावा, आणि त्याखाली दुसरी दोन शक्य कारणं. 'त्यांनी घड्याळ बघितलं: मुलाची शिकवणी सुटायची वेळ, औषधाची वेळ.' पटली नाहीत तरी लिहावीत. एक निष्कर्ष जाहीरपणे चुकीचा ठरलेला आहेच: अनोळखी माणसाशी बोलणं झाल्यावर आपण त्याला जितके आवडलो असं वाटतं, त्यापेक्षा प्रत्यक्षात जास्त आवडलेले असतो. एरिका बूथबी आणि सहकाऱ्यांनी 2018 मध्ये हे अनेक गटांत तपासलं.

मात्र दोन आठवड्यांहून अधिक काळ बहुतेक वेळ उदास वाटतंय, झोप-भूक बिघडली आहे, आवडीच्या गोष्टींतही रस नाही, किंवा जगू नये असं मनात येतं, तर हा गट शोधण्याचा प्रश्न राहिलेला नाही. डॉक्टरकडे जावं. केंद्र सरकारची टेली-मानस सेवा 14416 या नंबरवर चोवीस तास विनामूल्य आहे आणि मराठीतही बोलता येतं. नैराश्य असलेल्याला खताच्या पाळीवर लावून ते बरं होत नाही. बरं वाटू लागल्यावर मात्र ती पाळी त्याची वाट बघत असलेली बरी.

परगावी आणि परदेशी गेलेल्यांना हे सगळं लवकर कळतं, कारण तिथे काहीच आपोआप मिळत नाही. लंडनचं महाराष्ट्र मंडळ 1932 चं, उत्तर अमेरिकेतलं बृहन्महाराष्ट्र मंडळ 1981 चं. अशा मंडळांत गणपतीच्या दिवशी सभागृहात चारशे माणसं असतात. त्यातल्या कुणाला ते मंडळ आपलं वाटतं हे बघायचं असेल तर स्वयंपाकघरात जावं, जिथे आदल्या रात्री सात-आठ जण बटाटे सोलत असतात. नव्याने गेलेल्याने तिकीट काढून सभागृहात बसण्यापेक्षा सोलाणं मागून घ्यावं.

सुरुवातीला जून बरा. शाळा सुरू झालेल्या असतात, माणसं गावाहून परतलेली असतात. आठवड्याला दोन तास धरले, गणपतीचे दोन आठवडे सोडले, तर दिवाळीपर्यंत अठरा-एकोणीस बैठका आणि 36-38 तास होतात. म्हणजे गट पन्नासच्या अलीकडे असतानाच दिवाळीची सुट्टी येते. सगळे तीन आठवडे पांगतात, आणि 'दिवाळीनंतर बघू' म्हणून थांबलेले बरेच गट इथेच संपतात. म्हणून दिवाळीआधीच्या शेवटच्या बुधवारी उठण्यापूर्वी पुढचा बुधवार कोणता आणि त्या दिवशी चहा कुणाकडे, हे ठरवून फळ्यावर नावासकट लिहून टाकावं.